सत्कारमूर्तींना त्रास नको

आमच्या नाशकात आजवर असा एकच माणूस झाला, ज्याला एका जागी गप्प बसणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला गप्प बसवण्याचा प्रयत्न त्याच्या आईने करून पाहिला, शाळेतल्या मास्तरांनी पाहिला, विजेच्या ऑफिसातल्या तीन साहेबांनी पाहिला, आणि ज्या बँडमध्ये त्याने आठ-नऊ वर्षं ड्रम वाजवले त्या बँडनेही शेवटी शेवटी फार मनापासून पाहिला. कुणालाच जमलं नाही. आम्हाला जमलं. आम्ही म्हणजे त्याचे चाहते. आम्ही त्याच्यावर इतकं प्रेम केलं की त्याला कायमचं गप्प करूनच थांबलो. हे कसं झालं ते सांगताना मला आजही लाज वाटते, पण चाहता मंडळाचा चिटणीस मीच होतो आणि सगळे कागद माझ्याच अक्षरात आहेत. तेव्हा दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तो माझ्या वर्गमित्राचा थोरला भाऊ, म्हणून आम्हा सगळ्यांचाच दादा. राहायला पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. नोकरी विजेच्या ऑफिसात, घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपण्याची. आणि उरलेला सगळा वेळ ‘लेव्हल क्रॉसिंग’चा. ‘लेव्हल क्रॉसिंग’ हा आमच्या गावचा रॉक बँड. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकरोडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या तीन पोरांनी तो काढला. त्यांच्यातला गिटार वाजवणारा आणि गाणारा, एका गार्डसाहेबांचा मुलगा, हा बँडचा म्होरक्या. त्याला सगळे लीडर म्हणत. या लीडरने एका लग्नात दादाला ऐकलं. दादा जेवायला गेला होता. पंगत उठेपर्यंत त्याला धीर निघाला नाही, आणि तो आचाऱ्याजवळ जाऊन बुंदीच्या रिकाम्या घमेल्यावर दोन झाऱ्यांनी वाजवत बसला. आचारी आधी ओरडला, मग ऐकत उभा राहिला आणि त्याचा मसालेभात खाली लागला. लीडरने तिथल्या तिथे दादाला विचारलं, आणि पुढच्या रविवारी दादा सायकलवरून नाशिकरोडला जाऊन आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या ड्रमसेटवर बसला. तो सेट बँडचा होता, देवळालीच्या कुठल्या तरी साहेबाने मुलुख सोडताना विकलेला. दादाची स्वतःची म्हणाल तर लाकडी काठ्यांची, म्हणजे स्टिक्सची, एक जोडी. त्या तो आईने शिवलेल्या कापडी पिशवीत ठेवायचा. तशाच पिशवीत आई पोथी ठेवायची, आणि एकदा घाईत पिशव्या बदलल्या तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो निस्तरायला दोन दिवस लागले.

त्या काळात नाशिकची करमणूक म्हणजे संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरायला जाणं आणि तिथे काल भेटलेलीच माणसं पुन्हा भेटली की आनंद मानणं. अशा गावात ही चौघं केस मानेपर्यंत वाढवून, पितळी बटणांचे काळे शर्ट घालून कॉलेजच्या गॅदरिंगला उभी राहिली. मी पहिल्या वर्षाला होतो. इंग्रजी गाण्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण ते सुरू झालं तेव्हा माझ्या बाकाची फळी थरथरायला लागली आणि ती थरथर माझ्या बरगड्यांत शिरली. प्राचार्यांनी कानांवर हात ठेवले. आम्ही सात-आठ जण मात्र बाकावर उभे राहिलो, आणि खरं सांगायचं तर मनाने अजून तिथून खाली उतरलेलो नाही.

दादाच्या वाजवण्यात एक मोठा दोष होता आणि आम्ही त्या दोषावरच जीव टाकत होतो. त्याला गाणं संपवता येत नसे. लीडर गिटारवर शेवटचा झणत्कार काढून हात वर करून उभा राहायचा, बाकीचे दोघं थांबायचे, आणि दादा डोळे मिटून वाजवतच राहायचा. कधी अर्धा मिनिट, कधी चार मिनिटं. एकदा रेल्वेच्या हॉलमध्ये तर इतका वेळ, की लीडर खाली उतरून पाणी पिऊन आला. या उरलेल्या वाजवण्यात काय होतं ते मला लिहून सांगता येणार नाही. आम्ही गाण्यांसाठी जातच नव्हतो. गाणं संपल्यावर जे सुरू व्हायचं त्यासाठी जायचो. मी एकदा विचारलं, “दादा, तू थांबत का नाहीस?” तो म्हणाला, “अरे, सगळे निघाले म्हणून आपणही लगेच निघायचं का? घरमालकाला वाईट वाटतं.” घरमालक कोण, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही.

सेटपासून दूर असला तरी त्याची बोटं चालूच. ताट, वाटी, खिडकीचे गज, रिक्षाचा हूड, समोर उभ्या असलेल्या माणसाची पाठ. आजाऱ्याला भेटायला गेला की खाटेच्या लोखंडी पट्टीवर सुरू, आणि आजारी माणूस बिचारा अंगात ताप असून पायाचा अंगठा हलवायला लागायचा. मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांच्या बशा टेबलावर नाचायला लागल्या. मुलीच्या मामांनी हळूच विचारलं, “मुलाला फिट्सचा त्रास वगैरे आहे का?” मुलगी मात्र आत जाऊन आईला म्हणाली, हा माणूस घरात असला तर घर कधी सुनं वाटणार नाही. त्या आमच्या वहिनी. त्यांना पुढे काय काय वाटलं असेल ते त्या कधी बोलल्या नाहीत, पण लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी घरातली पितळेची भांडी माळ्यावर टाकली आणि स्टीलची बाहेर काढली. पितळेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो म्हणून.

नोकरीतसुद्धा त्याचं तेच. जुन्या वीज मीटरमध्ये काचेआड एक चकती फिरत असते, तिच्या कडेवर एक खूण असते. विजेचा वापर जास्त तर चकती जलद. बाकीचे लोक आकडा टिपून पुढे जायचे. दादा त्या खुणेकडे बघत उभा राहायचा आणि मीटरच्या लाकडी फळीवर त्या गतीने ठेका धरायचा. कोणत्या घराची लय काय, हे त्याला पाठ होतं. वकिलांचं घर संथ, डॉक्टरांचं दुपारनंतर चढतं, आणि रविवार कारंज्यावरच्या एका पिठाच्या गिरणीचं नाव काढलं की तो हात जोडायचा. “तिच्याबरोबर वाजवणं सोपं नाही,” म्हणायचा. मधे दोन वर्षं त्याची बदली निफाडला झाली. तिथे द्राक्षबागांतल्या विहिरींवरचे मीटर बघायचे असत. एका शेतकऱ्याने पंप चालू केला आणि हा मीटरच्या पत्र्याच्या पेटीवर जो सुरू झाला तो थांबेना. शेतकरी कौतुकाने अर्धा तास ऐकत बसला, मग म्हणाला, “साहेब, लय भारी वाजवता हो तुम्ही. पर आकडा लिहला का नाय अजून?” दादाने आकडा लिहिला नव्हता. साहेबांकडे तक्रार गेली, ती शेतकऱ्याने केली नव्हती, शेजारच्या बागवाल्याने केली, कारण दादा त्याच्याकडे पोचलाच नाही.

आणि गणपतीची मिरवणूक. नाशिकचा ढोल म्हणजे काय ते मी नाशिककरांना सांगायला नको. मेनरोडवरून ढोलांचं पथक निघालं की दादा फुटपाथवर डोळे मिटून उभा असायचा. एका वर्षी त्याला राहवलं नाही. त्याने एका ढोलवाल्याकडून ढोल मागून घेतला आणि आपला वेगळाच काही तरी ठेका मधे घुसवला. आधी त्याच्या शेजारचे दोघं चुकले, मग पुढची ओळ चुकली, मग अख्खं पथक चुकत चुकत त्याच्या ठेक्यावर आलं, आणि पाच मिनिटं मेनरोडवर जे काही वाजलं ते ऐकून गॅलऱ्यांतल्या बायका पुढे वाकल्या. पथकाच्या प्रमुखाने नंतर दादाची कॉलर धरली. मारायला धरली असं आम्हाला वाटलं. तो म्हणाला, “पुढल्या वर्षी येशील का?”

असा माणूस. आणि मग ऐंशीच्या आसपास दिवस बदलले. लोकांना नाचायला एकसारखा ठोका हवा होता, आणि ‘लेव्हल क्रॉसिंग’ला पोटापाण्याला काम हवं होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात त्यांना रोज संध्याकाळचं वाजवायचं काम मिळालं. पंधरा दिवसांत मॅनेजरने लीडरला बोलावून सांगितलं, की गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या म्हणून गिऱ्हाईकं चमचे खाली ठेवतात आणि गाणं संपतच नाही. जेवण गार होतं. लीडर वाईट माणूस नव्हता. तो केक घेऊन दादाच्या घरी आला. मी तिथे होतो. तासभर त्याने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, वहिनींच्या चहाची दोनदा तारीफ केली, आणि मग खाली बघत म्हणाला, “दादा, हमने मशीन लिया है.” तालाची पेटी. बटण दाबलं की ड्रमसारखा आवाज काढणारी.

दादाने विचारलं, “कशी वाजते?”

“ठीक है.”

“थांबते का?”

“हां. बटन दबाया तो रुकती है.”

“मग बरं आहे,” दादा म्हणाला आणि त्याने केक कापला. त्या दिवसापासून दादा सेटवर बसला नाही. सेट बँडचा होता, तो लीडरच्या गॅरेजमध्ये गेला. काठ्यांची पिशवी दादाच्या घरी खुंटीवर राहिली.

आता आमचं ऐका. या अन्यायाने आम्ही पेटून उठलो. आणि पेटून उठल्यावर मराठी माणूस जे करतो तेच आम्ही केलं: मंडळ काढलं. पंचवटीतले एक साड्यांचे दुकानदार अध्यक्ष, मी चिटणीस, एक उपाध्यक्ष, एक खजिनदार आणि तीन सभासद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साड्यांच्या दुकानाच्या माडीवर बैठक. बैठकीत आम्ही काय करत होतो? दादाविषयी बोलत होतो. रेल्वेच्या हॉलमधला कार्यक्रम श्रेष्ठ की कॉलेजचा, यावर आमच्यात दोन तट होते आणि त्या तटांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं होतं. वर्तमानपत्रांना आम्ही पत्रं लिहिली, त्यातलं एक छापून आलं आणि त्यात दादाला तबलावादक म्हटलं होतं. दादा स्वतः प्रत्येक बैठकीला यायचा. कोपऱ्यात साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसायचा आणि त्या गठ्ठ्यावर त्याची बोटं चालू असायची. अध्यक्षांना आवाज चढवावा लागायचा. ते म्हणायचे, “दादा, जरा हळू. तुमच्याविषयीच बोलतोय आम्ही.” मग दादा ओशाळून हात मांडीखाली घ्यायचा. हे वाक्य मी पाच वर्षं ऐकलं आणि त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

त्याला काय हवं होतं? एवढंच, की एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर सेटवर बसायला मिळावं. बँडने परत घ्यावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. नाव हवं होतं असंही नाही. पण मागून घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि आम्ही सात जण त्याचे एवढे जवळचे, न सांगता ओळखू, अशी त्याची खात्री असणार. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं तरी चाललं असतं. आम्ही ओळखायला हवं होतं.

दादाची चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. अध्यक्षांनी ठरवलं की सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, गंगापूर रोडवरच्या शाळेचा हॉल. तयारीच्या बैठकीला दादाला अर्थातच बोलावलं नव्हतं. चौदा कलमांची कार्यक्रमपत्रिका तयार झाली. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, असं सगळं. आमच्यातला एक सभासद, जो एरवी कधी बोलत नसे, म्हणाला, “ड्रमसेट मागवायचा का कुठून?” मग अध्यक्षांनी चष्मा काढला. “सत्कारमूर्तीला कुणी घाम गाळायला लावतं का हो?” ते म्हणाले. “नवरदेवाला आपण पंगतीत वाढायला लावतो का? आयुष्यभर राबला तो माणूस. एक संध्याकाळ तरी त्याला मानाने बसू द्या.” आम्हाला ते इतकं पटलं, की तो सभासद स्वतःच खजील झाला. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘सत्कारमूर्तींना कोणत्याही प्रकारचा त्रास देण्यात येऊ नये, असे सर्वानुमते ठरले.’ अक्षर चांगलं आलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर दोन महिने दादा अधूनमधून माझ्या घरी यायचा आणि काही तरी विचारून जायचा. “स्टेज केवढं आहे रे?” मी म्हणायचो, भरपूर आहे. “फळ्या पोकळ आहेत की खाली भराव आहे?” मी म्हटलं, बघून सांगतो. “डाव्या हाताला भिंत फार जवळ नको, आवाज अंगावर येतो.” मला वाटलं, पहिल्यांदाच सत्कार होतोय, बावरलाय बिचारा. एकदा मी त्याच्याकडे गेलो तर वहिनी अंगणात उशी शिवत होत्या. “भाऊजी, तिसरी उशी ही,” त्या म्हणाल्या. “ऑफिसातून आले की सुरू. उशांवर काठ्या आणि जमिनीवर पाय. खालचे लोक येऊन गेले दोनदा. पिंजारी विचारत होता, घरात कुत्रं पाळलंय का.” आणि त्या हसल्या. गेल्या पाच वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी पण हसलो, घरी आलो, आणि मानपत्रात एक वाक्य वाढवलं: ‘आजही त्यांची बोटे स्वस्थ बसत नाहीत.’ आता मला स्वतःचाच हात धरून विचारावंसं वाटतं, की अरे गाढवा, दोन डोळे तुला कशाला दिले होते.

सत्काराच्या संध्याकाळी दादा सगळ्यांच्या आधी तासभर आला. अंगात तोच जुना काळा शर्ट, पितळी बटणं घासून चकचकीत केलेली, पोटावर जरा ताणलेला. काखेत आईने शिवलेली पिशवी. तो सरळ स्टेजवर चढला. स्टेजवर सोफा होता, टेबल होतं, समई होती, माइक होता. तो पडद्यामागे जाऊन आला. मग मला म्हणाला, “मागच्या खोलीत काही आहे का?”

“जास्तीच्या खुर्च्या आहेत फक्त,” मी म्हटलं. “का रे? काही हवं होतं?”

“नाही,” तो म्हणाला, आणि पिशवी सोफ्याखाली सरकवून बसला.

इतक्यात प्रमुख पाहुणे आले. प्रमुख पाहुणे म्हणजे लीडर. मंडळाचं मन केवढं मोठं हे दाखवायला अध्यक्षांनी मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. त्याने एकदा स्टेजकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “सेट किधर है?” मी त्याला ठराव सांगितला. कोणताही त्रास देण्यात येऊ नये. “अरे यार,” तो म्हणाला, “वो क्या बैठने आया है इधर? मेरे को बोलना था ना. सेट गॅरेज में पडा है. गाडी में डाल के लाता था.”

ज्या माणसाने दादाला काढलं, त्याला हे एका नजरेत कळलं. आम्ही सात जण पाच वर्षं पहिल्या रविवारी जमत होतो, आम्हाला कळलं नाही. मी अध्यक्षांकडे धावत गेलो आणि म्हटलं, गाडी पाठवू, नाशिकरोडहून यायला तास-सव्वा तास लागेल, तोवर भाषणं लांबवू. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “दीपप्रज्वलनाची वेळ झाली,” ते म्हणाले. “आता पत्रिका मोडायची का?” मी तेव्हा भांडायला हवं होतं. लीडर गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता, मी नुसतं ‘जा’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण समोर हॉल भरला होता, कलम एक सुरू झालं होतं, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी माइकपाशी गेलो.

पुढचे अडीच तास दादा सोफ्यावर बसून होता. त्याच्या वाजवण्यावर नऊ जण बोलले. एकाने लयीचं तत्त्वज्ञान सांगितलं, एकाने शंकराच्या डमरूपासून सुरुवात केली आणि त्याला वेळेअभावी दादापर्यंत येता आलं नाही. लीडर सगळ्यात कमी बोलला. “इसके जैसा कोई नहीं बजाता,” एवढंच म्हणाला, आणि मान खाली घालून बसला. मग शाल. काळ्या शर्टावर ती पांघरली तेव्हा पितळी बटणं झाकली गेली. उजव्या हातात श्रीफळ, डाव्या हातात गुच्छ, आणि दोन्ही हात भरलेले असताना वर चौकटीतलं मानपत्र. ते मीच दिलं. देताना मला त्याची बोटं दिसली. बेचक्यांत ताजे फोड होते, दोन फुटलेले, त्यांवर हळद लावलेली. फोटोग्राफर म्हणाला, इकडे बघा. आम्ही दोघांनी बघितलं. तो फोटो मी घरात लावलेला नाही.

कलम तेरा, सत्कारमूर्तींचं मनोगत. दादा उठला, शाल सावरली, माइकपाशी उभा राहिला. “बोलायचं मी काही ठरवून आलो नव्हतो,” तो म्हणाला. मग त्याने सोफ्याखालच्या पिशवीकडे एकदा पाहिलं. “दुसरं ठरवून आलो होतो. असू दे. तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं.” आणि तो जाऊन बसला. केवढा हा विनय, असं अध्यक्ष आभाराच्या भाषणात म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी जाताना रिक्षात मी दादा-वहिनींबरोबर बसलो. पंचवटीत उतरताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मानपत्र छान लिहिलंत हो.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

त्यानंतर दादा हळूहळू शांत होत गेला. घरी गेलं की तो हात मांडीवर ठेवून बसलेला असायचा, सत्काराच्या सोफ्यावर बसला होता तसा. ऑफिसातले साहेब खूश झाले, कारण आकडे वेळेवर यायला लागले. वर्षाच्या आत त्याने स्वतः अर्ज करून डोंगरातल्या पेठ तालुक्याला बदली मागून घेतली, जिकडे कुणी बदली मागत नाही. आमच्या मंडळाने सत्कारानंतरच्या पहिल्याच बैठकीत ‘उद्दिष्ट साध्य झाल्याने’ मंडळाचं कामकाज बंद करण्याचा ठराव केला. तोही मीच लिहिला.

दोनेक वर्षांनी मी लीडरकडे गेलो. काय म्हणायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्याने बोलूच दिलं नाही; गॅरेज उघडलं. आम्ही दोघांनी सेट त्याच्या मेटाडोरमध्ये चढवला आणि एका रविवारी सकाळी पेठला गेलो. दादा कौलारू घराच्या ओट्यावर बसला होता. केस पांढरे झालेले. लीडरने मागचं दार उघडलं. दादा उठून आला. त्याने मोठ्या ड्रमवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली, एका झांजेचा सैल झालेला स्क्रू बोटांनी घट्ट केला, कातडं दाबून पाहिलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला वाटलं, झालं, आपलं पाप धुतलं गेलं.

“दादा, उतरवू का?” मी म्हटलं. “इथे ओट्यावर लावू. आम्ही दोघंच आहोत ऐकायला. गावातले येतील ते येतील.”

“आता नको रे,” तो म्हणाला.

“का?”

“माझा सत्कार झालाय ना.”

रागावून नाही म्हणाला. वाढायला आलेल्या माणसाला आपण पानावर हात आडवा धरून ‘माझं जेवण झालंय’ म्हणतो, तसं म्हणाला. लीडर मेटाडोरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ इकडे आलाच नाही. वहिनींनी नागलीची भाकरी केली, आम्ही जेवलो, पावसाच्या गोष्टी केल्या. निघताना दादा स्वतः मेटाडोरमध्ये चढला. आमची दोरी त्याने सोडली, प्रत्येक ड्रमच्या मधे गोणपाट घातलं, झांजा फडक्यात गुंडाळल्या आणि सगळं पुन्हा बांधलं. घाटात आदळतील, म्हणाला. खाली उतरून त्याने दार लावलं आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यावर उभा होता. गाठी त्याने चांगल्या मारल्या होत्या. अख्खा घाट उतरून नाशिक येईपर्यंत मागून एकदाही आवाज आला नाही.